शंभर कौरव, बहात्तर काटे

आमच्या परसातल्या कृष्णकमळाला आईनं कधी कात्री लावू दिली नाही. देवाचं फूल, त्याच्या वेलीवर लोखंड कशाला, असं तिचं म्हणणं. बारा-तेरा वर्षांत वेल कुंपणावरून न्हाणीघराच्या पत्र्यावर गेली, तिथून शेजारच्या शेवग्यावर. बाहेरून हिरवीगार दिसायची. आत हात घातला तर वाळक्या काड्यांचा आणि जुन्या तणाव्यांचा नुसता गुंता. फुलं दरवर्षी कमी होत गेली आणि दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आईला पूजेसाठी महिन्याभरात सगळी मिळून चार मिळाली.

त्यातलं एक हातात घेऊन तिनं माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला तेच सांगितलं, जे मला आजीनं सांगितलं होतं. बाहेरची जांभळी झालर म्हणजे शंभर कौरव. वरचे पाच पुंकेसर म्हणजे पांडव. मधला हिरवा गोळा द्रौपदी आणि तिच्या डोक्यावरचे तिघे ब्रह्मा, विष्णू, महेश. काही घरांत मधल्या गोळ्यालाच कृष्ण म्हणतात. भाच्यानं टाचणी घेऊन झालरीचे तंतू मोजले. शंभर भरले नाहीत. आई म्हणाली, "काही आधीच युद्धात पडले असतील."

हाच हिशेब चारशे वर्षांपूर्वी रोममध्ये चालला होता. जाकोमो बोसिओ नावाचा विद्वान ख्रिस्ताच्या क्रूसावर एक मोठा ग्रंथ लिहीत होता. 1609 च्या सुमारास मेक्सिकोहून आलेल्या एका ऑगस्टिनियन साधूनं त्याला एका नवलाच्या फुलाची चित्रं दाखवली. बोसिओचा आधी विश्वास बसेना. असलं फूल असतं तरी का, आणि आपण छापलं तर लोक हसतील, अशी त्याला धास्ती. मग जेझुइटांनी आणखी चित्रं आणली, वर्णनं आणली आणि 1610 च्या ग्रंथात फूल आलं. तीन कुक्षी म्हणजे क्रूसाचे तीन खिळे. मधला दांडा म्हणजे ख्रिस्ताला बांधलं तो खांब. झालरीचे तंतू म्हणजे काट्यांचा मुकुट, आणि परंपरेनं त्या मुकुटाला काटे बहात्तर, म्हणून तंतूही बहात्तर. पुढे इतरांनी पाच पुंकेसरांना पाच जखमा ठरवलं, तणाव्यांना चाबूक, आणि पाच पाकळ्या व तशाच दिसणाऱ्या पाच निदलांना मिळून दहा शिष्य. बारांमधून दोघे गाळले: धरून देणारा यहूदा आणि ओळख नाकारणारा पेत्र. आकडा जुळवायचा ठरवलं की माणूस कुणालाही गाळतो. आईनं कौरव गाळले तसेच.

लिनीयसनं 1753 मध्ये कायम केलेलं 'पॅसिफ्लोरा' हे नाव याच वाचनातून आलं. 'पॅशन' म्हटलं की आपल्याला प्रेमाचा आवेग सुचतो. इथे अर्थ आहे ख्रिस्ताचं दुःखसहन. जपानी आणि हिब्रू माणसांना मात्र त्याच फुलात घड्याळ दिसलं आणि त्यांनी नावही तसंच ठेवलं. हिंदी मुलखात कुठे कुठे ते राखीचं फूल आहे. मला त्यातली राखी सगळ्यात पटते.

या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या अमेरिका खंडांतल्या. आपल्या बागांमधलं कृष्णकमळ तिकडचंच, म्हणजे कोलंबसाच्या आधी ते इथं असण्याचा प्रश्न नाही. हे मी आईला जरा विजयी सुरात सांगितलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "मागे तूच सांगितलंस झेंडू मेक्सिकोचा म्हणून. दसऱ्याला तोरण बांधायचं थांबलास का?"

थांबलो नाही. आणि उसन्या फुलावर आपण आपली गोष्ट चढवली याचं मला वाईटही वाटत नाही. सलतं ते वेगळंच. या वेलीची पहिली माणसं कोण, त्यांनी तिच्यात काय पाहिलं?

उत्तर अमेरिकेतली जात, पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, हिच्या बिया तिथल्या हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांच्या उत्खननात सापडतात. 1612 मध्ये छापलेल्या पुस्तकात जॉन स्मिथनं व्हर्जिनियाचे मूळ रहिवासी 'माराकॉक' लावतात, फळ लिंबासारखं असतं, असं नोंदवलंय. लंडनचा औषधी जॉन पार्किन्सन याला 1629 मध्ये हे नाव ठाऊक होतं. खिळे-काट्यांची कथा त्यानं धुडकावली. पुस्तकात खऱ्या वेलीचं चित्र दिलं आणि शेजारी जेझुइटांचं काल्पनिक चित्रही छापलं, वाचकानं फरक पाहावा म्हणून. पण माराकॉक खाणाऱ्यांची गोष्ट त्यानंही विचारली नाही. तो शब्द झिजत झिजत अमेरिकी बोलीत 'मेपॉप' होऊन उरला. फळ, नाव आणि जमिनीतल्या बिया एवढंच हाती लागतं.

या जातीची एक खोड सांगण्यासारखी आहे. घनदाट रानात ती फारशी दिसत नाही. माणसानं झाडं तोडावीत, जाळावं, शेत करून सोडून द्यावं, तिथे ती मुळांतून उसळते. हिवाळ्यात वरचा सगळा वेल मरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर नवा येतो. म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांच्या कुऱ्हाडीशी आणि आगीशी तिची सोयरीक जुनीच.

आईला हे सांगून उपयोग झाला नाही. तिचं मन वळवलं निफाडच्या मामानं. त्याची द्राक्षाची बाग; एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, वर्षातून दोनदा तो वेली बोडक्या करतो. माघात तो आला, वेलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, जुनी काडी नुसती भार वाहते. फूल नव्या फुटीवरच येतं." कृष्णकमळाचं तसंच आहे. कळी येते ती त्या वर्षी वाढलेल्या शेंड्यावर, पानाच्या बेचक्यात, साधारण एका पेऱ्याला एक. नवी फूट जितकी लांब, तितकी फुलं. आमच्या वेलीत नव्या फुटीला जागाच नव्हती.

मामानं एकदम बुंध्यापासून कापली नाही; फार जुनं लाकूड कधी कधी फुटतच नाही. आधी मेलेलं काढलं. साल नखानं खरवडायची, खाली हिरवं दिसलं तर ठेवायचं, तपकिरी दिसलं तर कापायचं. मग तीन जोरकस फांद्या कमरेएवढ्या ठेवल्या आणि शेवग्यावरचा भाग पुढच्या वर्षावर सोडला. बुंध्याशी शेणखत. युरिया देऊ नका म्हणाला, नुसता पाला माजेल. आई तेवढा वेळ घरातच बसली. अंगणात दोन हातगाड्या काटक्या निघाल्या.

चैत्रात पेऱ्यांवर लालसर कोंब दिसले. पहिलं फूल आषाढात आलं, एकादशीच्या दोन दिवस आधी. भाच्यानं फोनवर आधी एवढंच विचारलं, किती भरले? आईनं चष्मा लावून, टाचणी घेऊन मोजायला घेतलं होतं. साठाच्या पुढे कुठेतरी तिची नजर चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली म्हणून ती उठली. संध्याकाळपर्यंत फूल मिटलं होतं.