युद्धकाळातील अनुबोधपट आणि व्ही. शांताराम

व्ही. शांताराम म्हटले की आपल्याला ‘दो आँखें बारह हाथ’ आठवतो. पण दुसऱ्या महायुद्धात सरकारी अनुबोधपटांच्या कामाची धुराही काही काळ त्यांच्याकडे होती, हे आपल्यापैकी थोड्याच जणींना ठाऊक असेल.

त्यांचा जन्म 1901 सालचा, आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली ते शिकले. 1929 साली सोबत्यांसह त्यांनी ‘प्रभात’ कंपनी काढली.

युद्ध पेटल्यावर 1940 साली सरकारने मुंबईत फिल्म अॅडव्हायझरी बोर्ड नेमले. युद्धाला लोकांचे साहाय्य मिळावे म्हणून छोटे पट काढायचे, हे त्याचे काम. आधी इंग्लंडहून आलेले अलेक्झांडर शॉ प्रमुख होते. ते परतल्यावर ती जागा शांतारामांकडे आली. काम अवघड होते. देशाचे पुढारी तुरुंगात आणि पट मात्र सरकारी! थोड्याच काळात त्यांनी ते पद सोडले. 1942 साली त्यांनी ‘राजकमल’ उभारले. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना वारलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणिसांवर त्यांनी 1946 साली बोलपट काढला आणि डॉक्टरांची भूमिका स्वतः केली. सरकारच्या पटांत न बसणारे युद्ध त्यांनी असे दाखवले.

इकडे 1943 पासून सरकारमान्य पट दाखवणे प्रत्येक चित्रपटगृहाला सक्तीचे झाले. सैन्य, कारखाने, विजय हे सारे त्यांत होते. स्वातंत्र्याच्या चळवळीला मात्र जागा नव्हती. सप्टेंबर 1942 मध्ये इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला. उमाशंकर पंड्या व विष्णू बारपटे हुतात्मा झाले. आमच्या आजेसासूबाई त्या दिवसाबद्दल सांगत, तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई. त्या गेल्या, आणि आमच्या घरापुरते ते सारे त्यांच्याबरोबरच गेले.

1948 साली आपल्या सरकारचे फिल्म्स डिव्हिजन निघाले. युद्धपटांवर हात बसलेली माणसे त्याच्या कामी आली, हे त्या काळाचे देणे मानले पाहिजे.

मला यातून एवढेच उमगले, की ज्याच्या हाती कॅमेरा त्याचे युद्ध मागे राहते. शांतारामांच्या वेळी तो सरकारच्या नाही तर मोठ्या कंपनीच्या हाती असे. आज तो आपल्या पदराला बांधल्यासारखा मोबाइलमध्ये आहे. तेव्हा वाळवा तालुक्यातील ज्या वृद्ध बायकांनी भूमिगतांना भाकरी पोहोचवल्याच्या गोष्टी आपल्या आयांकडून ऐकल्या आहेत, त्यांच्याकडे मंडळाने यंदा जावे. त्यांचे बोलणे त्यांच्याच तोंडून टिपून ठेवावे. हळदीकुंकू दरवर्षी होईल. त्या दरवर्षी भेटतीलच असे नाही.