धाव उतरलेले चाक : घोडागाडी, शब्द आणि आपली विस्मृती

‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण एम. ए.च्या वर्गात शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यातला नळा म्हणजे नेमके काय?” प्रश्न साधा होता, पण वर्गातल्या चाळीस जणांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. म्हणीचा अर्थ सर्वांना पाठ होता : मोठ्याच्या आश्रयाने लहानाचाही लाभ होतो. अर्थ शिल्लक होता, वस्तू मात्र हरवली होती. गाडीच्या आसाला घालायचे वंगण ज्यात ठेवत, तो गाडीला टांगलेला बांबूचा नळा. गाडी पंढरपूरला गेली की नळाही आपसूक जाई. हे सांगितल्यावर वर्गात हशा पिकला. मला मात्र त्या हशामागची पोकळी जाणवत राहिली. जी वस्तू आपण पाहिलेली नाही तिच्याविषयीची भाषा आपण किती सहजपणे बोलत असतो!

त्याच सुमारास शनिवार पेठेत ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या एका बोळातला जुना वाडा पाडला जात होता. दिंडी दरवाज्याशेजारच्या दगडी जोत्यात एक लोखंडी कडी होती, घोडा बांधण्याची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा नदीकाठच्या या पेठेतील अनेक वाडे कोसळले. ही कडी तेव्हा टिकली होती. पुनर्बांधणीत मात्र ती गेली. परसात टांग्याचे एक चाकही पडलेले होते. मी दुसऱ्या दिवशी ते मागायला गेलो, तोवर लोखंडी धाव भंगारवाल्याकडे वजनावर गेली होती आणि आरे कुणाच्या तरी बंबात. प्रस्तुत लेखाचे निमित्त इतकेच. एक दिवस उशीर झाला, त्याची ही भरपाई.

पुण्याचा इतिहास आपण बहुधा घोड्याच्या पाठीवरून पाहतो, चाकावरून नव्हे. त्याला कारणही आहे. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० साली सुरू झाले आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. त्या वाड्याचा उत्तराभिमुख दिल्ली दरवाजा हत्तीच्या अंबारीचा विचार करून उभारलेला आहे, आणि दारावरचे अणकुचीदार खिळेही हत्तीच्या धडकेचा विचार करून ठोकलेले आहेत. त्या काळच्या प्रतिष्ठेची वाहने म्हणजे हत्ती, घोडा, पालखी, मेणा. गाडी होती, पण ती बैलांची आणि मालाची. माणसाने, विशेषतः मोठ्या माणसाने, चाकांवर बसून जाणे ही कल्पना रुळण्यासाठी आधी रस्ता हवा होता.

हा रस्ता बोरघाटातून आला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते १० नोव्हेंबर १८३० रोजी घाटातला गाडीरस्ता खुला झाला. त्यापूर्वी मुंबईहून पुण्याला गाडी आणायची तर घाटात ती माणसांच्या खांद्यांवरून चढवावी लागे. वाहनानेच माणसांवर स्वार व्हावे, हे दृश्य आज विनोदी वाटेल. पण रस्ता नसताना चाक हे ओझे असते, एवढी साधी गोष्ट त्यातून कळते. पुढे १८५८ साली खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ साली घाटातला मार्ग पूर्ण झाला. आगगाडीने घोडागाडी संपवली असा आपला समज असतो. प्रत्यक्षात आगगाडीने घोडागाडीला स्टेशन मिळवून दिले. स्टेशनापासून घरापर्यंतचा प्रवास हा टांग्याच्या धंद्याचा कणा ठरला, आणि पुढे सुमारे शंभर वर्षे तो कणा ताठ राहिला.

या गाड्यांबरोबर मराठीत शब्दांचा एक तांडाच उतरला. भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे जरूर पाहावे. ‘बग्गी’ इंग्रजी बगीवरून आली. फेटन या गाडीची ‘फिटन’ झाली. सूर्याच्या रथाचे घोडे न आवरलेल्या ग्रीक पुराणातल्या फेथॉनचे नाव असे मुंबईच्या रस्त्यावर पोहोचले. राणीच्या नावाची ‘व्हिक्टोरिया’ तर मुंबईची ओळखच बनली. इंग्रजी ‘चॅरियट’ दक्षिणेत ‘सारोट’ होऊन नांदला. पण सर्वांत मनोरंजक शब्द ‘शिग्राम’. हे नाव ऐकताच ते परदेशी असावे असे वाटते. प्रत्यक्षात ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशाने त्याचे मूळ संस्कृत ‘शीघ्र’मध्ये दाखवले आहे आणि शब्द मराठीचा मानला आहे. म्हणजे ज्या शब्दाला आपण साहेबाचा समजतो तो आपला, आणि ज्या ‘बग्गी’ला आपण लग्नाच्या वरातीत आपली समजतो ती साहेबाची. शब्दांच्या जगात कोण कोणाच्या गाडीत बसले आहे, हे सांगणे अवघडच!

नावे परदेशी असली तरी गाडी इथेच बनत होती, दुरुस्त होत होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथाला ‘गांव-गाडा’ हे नाव दिले, त्यातच सुतार-लोहारांच्या सहकार्याचे सार आहे. चाक हे एका कारागिराचे कामच नव्हे. लाकूड सुताराचे, लोखंड लोहाराचे. मधला तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले परिघाचे वाकडे लाकडी तुकडे आणि या सर्वांना बाहेरून कवटाळणारी लोखंडी धाव. लाकडात पसंती बाभळीला. ती चिवट, आणि मार सोसणारी. धाव मुद्दाम चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवली की प्रसरण पावते. तशीच चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची, घण मारून बसवायची आणि लाकूड पेट घेण्यापूर्वी भराभर पाणी ओतायचे. धाव आकसते आणि सगळे सांधे करकचून आवळले जातात. चाकाला खिळ्यांनी नव्हे, या आकसण्याने एकत्र ठेवलेले असते. सुताराचा अंदाज आणि लोहाराचा अंदाज बोटभर जरी चुकला तरी चाक डगमगते, किंवा आरे मोडतात.

माणसांच्या गाडीला आणखी एक गोष्ट लागते : धक्का सोसणारी कमान. ओबाडाया एलियट या इंग्रज कारागिराने १८०४ साली लंबवर्तुळाकार पोलादी कमानींचे पेटंट घेतले आणि गाड्या हलक्या, बुटक्या व सुखाच्या झाल्या. चारचाकी बग्गीची पुढची चाके लहान असतात, ती शोभेसाठी नव्हे; वळताना ती गाडीच्या अंगाखाली जाऊ शकावीत म्हणून. टांग्याचे गणित वेगळे. दोनच चाके, पाठीला पाठ लावून बसणारे उतारू आणि दांड्यांमध्ये एकटा घोडा. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि घोड्याचा तंग पोटाला काचतो. पुढे भार झाला तर सगळे ओझे त्याच्या पाठीवर येते. टांगेवाला उतारूंना “जरा पुढं सरका” म्हणे, त्यात घोड्याची कणव होती आणि यंत्रशास्त्रही.

गाडीची रचना केवळ कारागिरीचा विषय राहत नाही. ती इतिहासात शिरते. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीच्या सरकारी निवासस्थानातून गाड्या परतू लागल्या. दामोदर हरी चापेकर रँडच्या गाडीमागे धावले, मागून गाडीवर चढले आणि पडदा उचलून त्यांनी गोळी झाडली. बाळकृष्ण चापेकरांनी दुसऱ्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्टला टिपले. रँड ३ जुलैला मरण पावला; दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. या घटनेचा राजकीय अर्थ आपण शिकवतोच. पण गाडी समोर आणल्यावाचून तो प्रसंग दिसत नाही : गाडीवान पुढे, त्याची नजर रस्त्यावर, घोड्यांच्या डोळ्यांना झापडे, टापांचा आणि धावेचा खडखडाट एवढा की मागची पावले ऐकू येऊ नयेत, आणि गाडीची मागली बाजू पूर्ण अरक्षित. सत्तेच्या वाहनाला पाठीमागे डोळे नव्हते. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ साली ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट केला, तेव्हा त्यांनाही हा काळ उभा करताना आधी गाड्याच उभ्या कराव्या लागल्या असणार.

टांग्याची आठवण काढताना आपला सूर चटकन हळवा होतो. त्या हळवेपणाला आवर घालणारा एक प्रसंग प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असे मला वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये तो स्वतः नोंदवला आहे. १९२९ साली चाळीसगावच्या स्टेशनावर ते उतरले. त्यांना नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना; महाराच्या गाडीचे सारथ्य करणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. अखेर तडजोड निघाली : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. वस्तीतल्या एका माणसाने लगाम हाती घेतले. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. पुलाच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि गाडी खाली नदीत कोसळली. कौशल्य कोणाकडे आहे आणि ते कोणासाठी वापरले जाईल, हा प्रश्न चाक, तुंबा, आरे यांच्याइतकाच गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. जुन्या गाडीचे पुनरुज्जीवन करताना आपण हा टांगाही लक्षात ठेवणार आहोत का?

स्वातंत्र्यानंतर घोडागाडीचा उतार वेगाने झाला. पुण्यात महानगरपालिका १९५० साली आली, तिच्या बसगाड्या आल्या. नवलमल फिरोदियांच्या प्रयत्नांतून रिक्षा आली. बी. आर. चोप्रांच्या १९५७ च्या ‘नया दौर’ने टांगा आणि मोटर यांची शर्यत लावली आणि पडद्यावर टांगा जिंकवला, रस्त्यावर निकाल उलटा लागला. मुंबईत जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने करमणुकीसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या व त्या बंद करण्यास वर्षाची मुदत दिली. डांबरावर दिवसभर उभ्या राहणाऱ्या, घसरून गुडघे फोडून घेणाऱ्या घोड्यांची स्थिती पाहता त्या निर्णयाचे स्वागतच करावे लागते. आणि तरी पिढीजात धंदा गमावलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न उरतोच. दोन्ही दुःखे खरी आहेत. एकाचे नाव घेऊन दुसरे झाकता येत नाही.

मग जतन कशाचे करायचे? घोडा पुन्हा जुंपावा असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. वस्तूचे जतन शक्य आहे. पण तेही जबाबदारीचे काम आहे. उपाहारगृहाच्या दारात चकचकीत तैलरंग फासून उभा केलेला टांगा म्हणजे जतन नव्हे. नव्या रंगाखाली जुन्या रंगाचे थर, गाडीचा परवाना क्रमांक, कारागिराची खूण, सारे गाडले जाते. नीट काम करणारा आधी पाहतो, मोजतो, छायाचित्रे घेतो. जे जुने तगेल ते ठेवतो, जे बदलावेच लागेल ते बदलतो आणि बदलल्याची नोंद ठेवतो. उभ्या गाडीचा भार वर्षानुवर्षे चाकांच्या एकाच बिंदूवर व कमानींवर पडू नये म्हणून आसाखाली ठोकळे लावतात. पुण्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, धाव सैल होते, आरे खुळखुळतात. चाक पाण्यात भिजत ठेवणे हा तात्पुरता इलाज. खरा इलाज धाव उतरवून, कापून, आखूड करून, सांधून पुन्हा तापवून चढवणे. आणि इथेच अडते. लाकूड मिळते, लोखंड मिळते. लाल झालेल्या धावेचा रंग पाहून “आता” म्हणणारा माणूस मिळत नाही.

लिस्बनमध्ये १९०५ पासून राजघराण्याच्या गाड्यांचे संग्रहालय आहे. आपल्याकडे बडोद्याच्या गायकवाडांची चांदीची बग्गी प्रसिद्ध आहे. राजांच्या गाड्या जपल्या जातातच. भाड्याचा टांगा कोण जपणार? शुक्रवार पेठेतल्या महापालिकेच्या दवाखान्याला लोक अजून ‘गाडीखाना’ म्हणतात. पत्ता सांगणाऱ्याला त्यात गाडी दिसत नाही. नावे अशी माणसांपेक्षा आणि वस्तूंपेक्षा चिवट असतात. पण वस्तूची आठवण पार पुसली की शब्दही हळूहळू पोकळ होतो.

म्हणून आम्ही भाषेच्या शिक्षकांनी आपल्या वाट्याचे काम उचलावे असे मला वाटते. गावोगावी अजून वयोवृद्ध सुतार-लोहार आहेत. त्यांच्याकडे विद्यार्थ्यांना न्यावे. तुंबा, आरा, धाव, कुणी, उलाळ हे शब्द त्यांच्या तोंडून, हातातल्या वस्तूसकट, टिपून घ्यावेत. प्रत्येक भागातले पर्यायी शब्दही नोंदवावेत, कारण दर पन्नास कोसांवर चाकाच्या भागांची नावे बदलतात. यंदा माझ्या वर्गाने असे काम सुरू केले. ‘नळ्या’विषयी विचारणारी विद्यार्थिनी सुट्टीत गावी जाऊन आली. तिच्या आजोबांच्या गोठ्यात, आढ्याला, एक काळाकुट्ट बांबूचा नळा अडकवलेला होता. लहानपणापासून ती तो पाहत आली होती. त्याचे नाव तिला माहीत नव्हते, इतकेच.