कार्यालयाबाहेरील वर्तन आणि सरकारी नोकरी

सायंकाळी कार्यालयाला कुलूप लागले, की नोकरीचे बंधनही सुटले, असा अनेक कर्मचाऱ्यांचा समज असतो. नियमांना तो मान्य नाही. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावात तर जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी, तलाठी (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी) आणि पोलिस ठाण्यातील जमादार यांची ओळख रविवारीही पुसली जात नाही.

तिघांना लागू होणारे कायदे मात्र सर्वस्वी एक नाहीत. तलाठ्यास महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात; जिल्हा परिषदेच्या शिक्षकासाठी १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. पोलिसाच्या बाबतीत महाराष्ट्र पोलिस अधिनियम, १९५१ चे कलम २८ आणखी पुढे जाते. रजेवर वा निलंबित नसलेला पोलिस सदैव कर्तव्यावर असल्याचे त्यात मानले आहे.

१९७९ च्या नियमांतील नियम ३ सचोटी सदैव राखण्यास सांगतो आणि शासकीय कर्मचाऱ्यास न शोभणारे कृत्य निषिद्ध ठरवतो. न शोभणारे म्हणजे नेमके काय, याची व्याख्या नसल्याने बरेचसे वरिष्ठांच्या मतावर राहते, हे काही फारसे इष्ट नव्हे. काही गोष्टी मात्र स्पष्ट आहेत. पहिली पत्नी वा पती हयात असताना दुसरा विवाह, हुंडा, सार्वजनिक ठिकाणी नशेत वावरणे हे सारे त्यात येते. निवडणुकीत मत देता येते, प्रचार करता येत नाही. घरावर वा गाडीवर पक्षाचे चिन्ह लावणे हाही प्रचारच समजला जातो. गावकीच्या राजकारणात नेमका येथेच पाय घसरतो. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांवरील वागणुकीविषयीही सूचना काढल्या.

खरा फटका बसतो तो अटकेने. बांधावरून भाऊबंदांत हाणामारी झाली, गुन्हा नोंदला गेला आणि कोठडी ४८ तासांहून अधिक लांबली, तर राज्य शासनाचा कर्मचारी अटकेच्या दिनांकापासून निलंबित झाल्याचे मानले जाते. पहिले तीन महिने निर्वाह भत्ता साधारणतः अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतकाच मिळतो.

न्यायालयातून निर्दोष सुटलो, म्हणजे प्रकरण मिटले, असेही नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. खातेनिहाय चौकशीत संभाव्यतेचे पारडे पुरते. तेनकासी बसस्थानकावर १९९९ मध्ये एका महिलेची छेड काढल्याचा आरोप असलेला तामिळनाडूचा पोलिस साक्षीदार फितूर झाल्याने सुटला. तरीही २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी कायम केली. उलट, शिक्षा झाली तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ च्या परंतुकानुसार चौकशीविनाही बडतर्फ करता येते. सेवेतून काढून टाकलेल्यास पुन्हा शासकीय नोकरी मिळू शकते. बडतर्फ झालेल्यास सामान्यतः नाही.