धारवाडचा अर्ज

शिक्षणाचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे आपण बहुधा शाळा काढणाऱ्यांचा इतिहास सांगतो. पहिली शाळा कोणी काढली, देणगी कोणी दिली, कोणता खलिता केव्हा आला, हे आपणांस ठाऊक असते. आज मी ज्या प्रकरणाकडे आपले लक्ष वेधणार आहे, ते शाळा काढण्याचे नाही; शाळेत शिरण्याचे आहे. त्याची सुरुवात एका अर्जाने झाली, आणि त्या अर्जाला जे उत्तर मिळाले त्याची सावली आपल्या शाळांवर फार काळ पडून राहिली.

१८५६ सालच्या जून महिन्यात धारवाडच्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारकडे आला. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. नेहमीची फी भरण्यास आपण तयार आहोत, तरीही सरकारी शाळेत आपणांस घेत नाहीत, एवढीच त्याची तक्रार होती. त्याने सवलत मागितली नव्हती, शिष्यवृत्ती मागितली नव्हती. मागितली होती ती फक्त बसावयास जागा.

२१ जुलै १८५६ रोजी सरकारने ठराव केला. त्याचा आशय असा की, न्याय पाहू गेल्यास तो या मुलाच्या बाजूला आहे. परंतु उच्चवर्णीय मुलांच्या शाळेत प्रवेश मागणारा आजवर हा एकटाच महार पुढे आला आहे. त्या एकट्यासाठी इतरांवर त्याचा सहवास लादला, तर बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने ती शाळा निरुपयोगी होण्याचा संभव आहे. सबब अर्ज मान्य करता येत नाही.

या ठरावातील युक्तिवाद नीट पाहण्यासारखा आहे. मुलाचे म्हणणे खोटे ठरविलेले नाही. उलट ते न्याय्य म्हणून कबूल केले आहे. नाकारले आहे ते हिशेबाच्या आधारे. एका पारड्यात एक मुलगा आणि दुसऱ्या पारड्यात पुष्कळ मुले घातली, आणि जड पारड्याकडे कौल दिला. पण तो एकटाच का आला, हा प्रश्न ठराव करणाऱ्यांनी स्वतःस विचारला नाही. ज्या दारातून कोणालाच आत घेत नाहीत, त्या दाराशी गर्दी कशी व्हावी?

शिकण्याची इच्छा नव्हती, असे तर म्हणताच येणार नाही. जोतीराव फुले यांनी पुण्यात महार-मांगांच्या मुलांसाठी १८५२ पासून शाळा चालविल्या होत्या. त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीचा, महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला होता. म्हणजे धारवाडचा अर्ज सरकारच्या टेबलावर येण्यापूर्वी एका वर्षाआधी या समाजातील एक मुलगी वर्तमानपत्रात निबंध लिहीत होती. मुले नव्हती असे नाही. ती सरकारी शाळेच्या बाहेर होती.

हे धोरण एकाएकी उत्पन्न झाले नव्हते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२३ सालच्या आपल्या टिपणीत असे नमूद केले होते की, सर्वांत खालच्या मानलेल्या जातींतील मुले उत्तम विद्यार्थी ठरतात, असे मिशनऱ्यांना आढळते. तथापि त्यांना विशेष उत्तेजन देताना सावध राहिले पाहिजे, कारण आपली शिक्षणपद्धती प्रथम त्यांच्यात रुजली तर ती वर कधीच पसरणार नाही. आणि १८५६ साली मुंबईचा गव्हर्नर होता तो याच एल्फिन्स्टनचा पुतण्या, लॉर्ड एल्फिन्स्टन. काकाने लायकी मान्य केली आणि धोरण आवरते घेतले. पुतण्याच्या सरकारने न्याय मान्य केला आणि अर्ज फेटाळला.

प्रकरण एवढ्यावर मिटले नाही. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने जानेवारी १८५७ मध्ये कळविले की, मुंबई सरकारने कदाचित शहाणपणाने वर्तन केले असेल. पण बंगालमधील कोणत्याही सरकारी शाळेत असा प्रवेश नाकारला गेला नसता. पुढे २८ एप्रिल १८५८ च्या खलित्यात कंपनीच्या डायरेक्टर मंडळाने स्पष्ट केले की, सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी सारख्याच खुल्या आहेत आणि हे तत्त्व सोडता येणार नाही. त्यानंतर मुंबई सरकारनेही जाहीर केले की, ज्या शाळा केवळ सरकारी खर्चाने चालतात त्या भेदभाव न करता सर्व प्रजेला खुल्या राहतील.

परंतु त्याच जाहीरनाम्यात एक फट ठेवलेली होती. ज्या शाळांचा खर्च सरकार आणि स्थानिक वर्गणीदार मिळून करतात, तेथे वर्गणीदारांची हरकत असल्यास अशा मुलांना शिरकाव करून देण्याचा सरकारचा विचार नव्हता. अशा शाळेची मदत बंद करण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे राखून ठेवला, एवढेच. त्या काळी गावोगावच्या पुष्कळ मराठी शाळा लोकांच्या वर्गणीवरच निम्म्याशिम्म्या उभ्या होत्या. म्हणजे तत्त्व सर्वांचे राहिले आणि शाळा वर्गणीदारांची राहिली. जो पैसा देतो त्याने शेजारी कोण बसावे हे ठरवावे, असा हा न्याय.

या बाबतीत केवळ अधिकाऱ्यांना दोष देऊन आपणांस मोकळे होता येणार नाही. त्यांची भीती काल्पनिक नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुजरातेत खेडा जिल्ह्यात अस्पृश्य मानलेल्या मुलांना प्रवेश दिला म्हणून काही मोठ्या शाळा कित्येक वर्षे बंद पडल्या, आणि एका गावी त्या लोकांच्या झोपड्या व पिके जाळली गेली. ठराव सरकारी कागदावर होत. पण शाळेतून मुले काढून नेणारे हात आपल्याच समाजाचे होते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन सादर केले. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे त्यांनी रोखठोक सांगितले. पुण्यात महार-मांगांची वस्ती ५,००० वर असून त्यांच्यासाठी शाळा एकच आणि तीत मुले ३० हून कमी, हा आकडाही त्यांनी पुढे ठेवला. आयोगाने जुन्या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. पण ते जपून अमलात आणावे असे म्हटले आणि निराळ्या शाळांची शिफारस केली.

अशा रीतीने दार किलकिले झाले, तेव्हा वाद दारापासून बैठकीपर्यंत आला. दापोलीस पेन्शनर महार सैनिकांनी १८९० नंतरच्या वर्षांत आपल्या मुलांसाठी खटपट केली. मुलांना शाळेत घेतले, पण बसविले व्हरांड्यात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर भीमराव आंबेडकर यांचे नाव लागले. त्या काळातील आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. वर्गात इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावयाचे, ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यावयाचे, आणि शिपाई असेल तरच पाणी. नाव पटावर होते. पण वर्गात जागा नव्हती.

ही कोंडी फोडता येते, हे प्रथम एका संस्थानाने करून दाखविले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. त्यात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर शाळांचाही उल्लेख होता. आणि १९२८ साली सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन करताना डॉ. आंबेडकरांनी जुनी दप्तरे उलगडली, तेव्हा धारवाडच्या त्या मुलाचा अर्ज पुन्हा उजेडात आला.

१८५८ ची फट कायद्याने बुजण्यास १९५० साल उजाडावे लागले. राज्यघटनेच्या २९ व्या अनुच्छेदाने सांगितले की, राज्याने चालविलेल्या किंवा राज्याची मदत घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांच्या कारणावरून कोणाही नागरिकास प्रवेश नाकारता येणार नाही. 'मदत घेणाऱ्या' हे दोन शब्द वाचताना जुन्या वर्गणीदारांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

वाद तेथे संपला असता तर या जुन्या कागदांवर बोलण्याचे प्रयोजन नव्हते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मदत न घेणाऱ्या खासगी शाळांनाही प्रवेशवर्गातील निदान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवण्यास सांगितले. त्याविरुद्ध शाळा न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ही तरतूद वैध ठरविली, अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा तेवढ्या वगळल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेस यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. खासगी शाळांची एक तक्रार खरी आहे. शासनाने द्यावयाची फी वेळेवर मिळाली पाहिजे, आणि ती न मिळाल्याचा भार मुलांवर पडता कामा नये. पण पैशाची ही तक्रार निराळी, आणि 'अशी मुले आली तर आमचे पालक जातील' हा बचाव निराळा. दुसऱ्याची जन्मतारीख २१ जुलै १८५६ ही आहे.

२०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, ती व्हावीत. त्याबरोबर आणखी एक गोष्ट आपणांस सहज करता येईल. शिक्षण हक्क कायद्याखाली केंद्राने २०१० साली जे नियम केले, त्यांत असे लिहावे लागले की, या जागांवर घेतलेल्या मुलांना वर्गात इतरांपासून वेगळे बसवू नये आणि त्यांचे वर्ग निराळ्या जागी किंवा निराळ्या वेळी भरवू नयेत. दापोलीचा व्हरांडा आणि साताऱ्याचे गोणपाट यांनाच हे उत्तर आहे. आपल्या गावच्या शाळेत पालक म्हणून, देणगीदार म्हणून किंवा पाहुणे म्हणून आपण जाल, तेव्हा पटावरची संख्या विचारून थांबू नका. वर्गात डोकावून कोण कोणाच्या शेजारी बसले आहे, तेही पाहा.