पार्क, रॉय
पार्क, रॉय लिंडसे : (३० जुलै १८९२–२३ जानेवारी १९४७). ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू व वैद्य. जन्म बॅलरॅट (व्हिक्टोरिया) येथे. १९१४-१५ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी त्याची निवड झाली होती. तथापि पहिल्या महायुद्धामुळे दौराच रद्द झाला. पुढे त्याने सैन्याच्या वैद्यकीय दलात कॅप्टन म्हणून सेवा केली. कसोटीची संधी मिळाली ती चार्ल्स मॅकार्टनी आजारी पडल्यामुळे : मेलबर्न येथे इंग्लंडविरुद्ध (१९२०-२१) हॅरी हॉवेलने पहिल्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडविला. ऑस्ट्रेलियाने डावाने विजय मिळविल्याने त्यास पुन्हा फलंदाजी करावी लागली नाही. पुढे निवडही झाली नाही. विणकाम उचलण्यास वाकलेल्या पत्नीला त्याची सारी कसोटी फलंदाजी हुकली, अशी आख्यायिका आहे. एका चेंडूवरून त्याची योग्यता ठरविणे मात्र अन्यायाचे होय. प्रथम श्रेणीतील त्याची सरासरी सु. ३९ होती. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार इअन जॉन्सन हा त्याचा जावई.