बसऱ्याच्या ओव्या

पहिल्या महायुद्धाला माझी आजी ‘बसऱ्याची लढाई’ म्हणायची. तिचे चुलते मराठा पलटणीत होते. मुंबईहून बोटीत चढले, ते परतलेच नाहीत. साताऱ्याकडच्या आमच्या गावी सरकारी कागद तेवढा आला. चुलतीनं पुढं कितीतरी वर्षं कुंकू पुसलं नाही. “डोळ्यानं बघितल्याबिगर कसं पुसू?” असं ती विचारायची, आणि भावकीत कुणापाशी उत्तर नसायचं.

पहाटे ती जात्यावर बसायची. देवाच्या, माहेराच्या ओव्या झाल्या की बोटीची ओवी यायची, मग नदीची, मग भुकेची. भुकेचं तिला लढाईतून परतलेल्या एका शिपायानं सांगितलं होतं. तिच्या ओव्यांत फत्ते नव्हती, बक्षीस नव्हतं. नवऱ्याच्या पोटात काही गेलं असेल का, एवढाच घोर होता.

तो घोर खरा होता. 1915 च्या नोव्हेंबरात बगदादच्या वाटेवर टेसिफॉनला जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन अडली. मागे फिरली आणि टायग्रिसकाठच्या कूतमध्ये कोंडली गेली. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिच्यात होत्या. वेढा 147 दिवस चालला. घोडे कापून खायची वेळ आली. अनेक हिंदी शिपाई धर्मापायी ते मांस शिवेनात. सुटका करायला निघालेल्या फौजेत मेलेले-जखमी मिळून सुमारे 23 हजार झाले. तरी 29 एप्रिल 1916 ला कूत पडलं. सुमारे 13 हजार जण शरण गेले, त्यांतले हजारो कैदेत मेले. पुढच्या फेब्रुवारीत इंग्रजांनी तेच गाव परत घेतलं. मेलेल्यांना त्याचं काय?

बसऱ्याच्या स्मारकावर 40 हजारांहून जास्त मृतांची नोंद झाली. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीनुसार नुसता आकडा.

युद्धविराम आठवड्यावर असताना मारला गेलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन आज जगभर वाचला जातो. वाचलाच पाहिजे. पण युद्ध माणसाचं काय करतं, हे आमच्या निरक्षर बायकांनीही गाण्यातून मांडलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. चुलतीच्या ओव्या मात्र कुणी लिहून घेतल्या नाहीत. आजीबरोबर त्या संपल्या.

तुमच्या घरात अजून कुणा म्हातारीला अशी एखादी ओवी येत असेल, तर आजच वही घेऊन तिच्यापाशी बसा.