निर्वासित बालकांचा घरगुती उपचार

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अक्राच्या परिसरांत राहणाऱ्या गा लोकांच्या भाषेंत 'क्वाशिओरकोर' असा एक शब्द आहे. धाकटें भावंड जन्मास आलें म्हणजे थोरल्याचें अंगावरचें दूध तुटतें, आणि मग त्या थोरल्यास जो विकार जडतो त्याचें हें नांव. जमेकांत जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स या बाई त्या काळीं गोल्ड कोस्टमध्यें, म्हणजे आजच्या घानांत, नोकरीस होत्या. पाय सुजलेलीं, केस तांबूस पडलेलीं, कातडी सोलून निघालेलीं मुलें पाहून त्यांनीं १९३३ सालीं या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि दोन वर्षांनीं आयांच्या तोंडचें तेंच नांव वैद्यकाच्या वाङ्मयांत नेलें. मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या मुलास प्रथिन पुरत नसावें, असा त्यांचा तर्क होता. कारणाविषयींचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. 'पाठचें भावंड' हा आपल्या बोलींतला शब्द ज्यांच्या कानांत आहे, त्यांस गा आयांचें निदान निराळें समजावून सांगावयास नको.

उपाशी माणसास अन्न द्यावें, यांत वैद्यकाचें तें काय काम, असें कोणासही वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत असे. परंतु फार दिवस उपाशी राहिलेलें शरीर अन्नालाही परकें होतें. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळांत दुधाची भुकटी, पीठ, साखर यांचें जें मिश्रण वापरलें गेलें, तेंच १९४५ सालीं बेल्सनच्या छळछावणींतून सुटलेल्या कैद्यांना देऊन पाहिलें. तें इतकें गोड होतें कीं पुष्कळांच्या घशाखालीं उतरेना. लहान मुलांच्या बाबतींत तर एकदम पोटभर घातलेला घासही प्राणावर बेततो. पुढें जमेकांतील संशोधकांनीं या शरीराची घडण बारकाईनें अभ्यासिली, आणि आधीं सौम्य व मग पुष्ट अशीं दोन औषधी दुधें प्रचारांत आलीं.

बिआफ्राच्या युद्धांत (१९६७–७०) मुलांची जी दैना झाली, तिचीं छायाचित्रें जगभर गेलीं. तेथें काम करणाऱ्या क्वेकर मंडळींनीं एक साधी काठी तयार केली होती. मुलाच्या दंडाचा घेर मोजावयाचा, आणि तितक्या घेराची जी खूण काठीवर असेल तिच्याहून मूल उंच भरलें तर तें खंगलेलें समजावयाचें. तराजू नाहीं, जन्मतारीख ठाऊक नाहीं, अशा गर्दींत ही युक्ति फार कामास आली. आजची रंगीत पट्टी तिच्याच कुळांतली. सहा महिने ते पांच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरहून कमी भरला कीं तें अति-कुपोषित गणलें जातें.

मूल ओळखलें, तरी ठेवावयाचें कोठें? औषधी दूध पाण्यांत कालवावें लागे, आणि छावणींतल्या पाण्यांत कालवलेलें दूध थोड्याच वेळांत विषासमान होई. म्हणून मुलास केंद्रांतच ठेवून रात्रंदिवस ठराविक वेळीं पाजावें लागे. आजारी मुलांची दाटी झाली कीं गोवर आणि हगवण यांना आयतें रान मिळे. परंतु खरा पेंच आईचा होता. खंगलेलें एक मूल घेऊन ती कित्येक आठवडे केंद्रांत बसली, तर झोपडींतल्या इतर तिघांचौघांना पाणी कोणी आणावें, शिध्याच्या रांगेंत कोणी उभें राहावें? पुष्कळ आया मूल अर्धें बरें झालेलें पाहून उठून जात. कित्येक येतच नसत. अहवालांत अशांची नोंद 'उपचार सोडून गेलेले' अशी होई. ही नोंद आम्हांस नेहमीं अन्यायाची वाटते.

हा पेंच सुटला तो शेंगदाण्यानें. १९९६ च्या सुमारास आंद्रे ब्रिआं या फ्रेंच बालवैद्यानें मिशेल लेस्कान या कारखानदाराच्या साहाय्यानें दुधांतला पाण्याचा भागच काढून टाकला. शेंगदाण्याचा लगदा, दुधाची भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वें आणि क्षार मिळून एक लेप झाला. त्यांत पाणी नसल्यामुळें जंतु वाढत नाहींत. शिजवावयास नको, कालवावयास नको, मूल पुडी चोखून खातें. ९२ ग्रॅमच्या एका पुडींत ५०० उष्मांक. कूट करून ठेवणाऱ्या आपल्या गृहिणींना यांत मोठेंसें नवल वाटणार नाहीं, पण या पुडीनें रुग्णालय झोपडींत नेलें.

स्टीव्ह कॉलिन्स या डॉक्टरांनीं २००० सालीं दक्षिण इथिओपियांत हा प्रयोग केला. १७० मुलांपैकीं शेंकडा चार दगावलीं. पुढें २००१ ते २००५ या काळांत मलावी, इथिओपिया आणि सुदान येथील २१ ठिकाणच्या २३,५११ मुलांचा हिशेब झाला. शेंकडा ७९ बरीं झालीं, मृत्यु पुन्हा शेंकडा चारच्या आसपास. रुग्णालयांत पूर्वीं शेंकडा वीस ते तीस मुलें जात. ही तुलना अगदीं सरळ मात्र नव्हे. गांवांत पट्टी फिरूं लागल्यावर मुलें लौकर सांपडूं लागलीं, आणि लौकर सांपडलेलें मूल वांचण्याचा संभव मुळांतच अधिक. तरीही २००७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आणि तिच्या सहकारी संस्थांनीं ही पद्धत मान्य केली.

तिची कसोटी २०११ सालीं लागली. त्या वर्षीं २० जुलैस दक्षिण सोमालियाच्या दोन भागांत दुष्काळ जाहीर झाला, आणि लोकांचे लोंढे केनियांतील दादाब व इथिओपियांतील डोलो आडो येथील छावण्यांकडे वळले. दादाब मूळ ९०,००० माणसांकरितां वसविलेलें; तेथें चार लाखांहून अधिक भरलीं. वाळवंट तुडवून आलेल्या मुलाचा दंड मोजीत, आणि मग त्याच्यापुढें एक पुडी ठेवीत. त्यानें ती आवडीनें खाल्ली, ताप वा फार सूज नसली, तर रोगजंतुनाशक औषध व आठवड्याच्या पुड्या देऊन त्यास आईबरोबर घरीं पाठवीत. ज्यानें तोंड फिरविलें तें रुग्णालयांत. भूक असणें हीच येथें प्रकृतीची खूण ठरली होती.

मात्र घरीं गेलेली पुडी कोणाच्या पोटांत जाते, हें कोणतीही पट्टी सांगत नाहीं. एकास पुडी आणि चौघांस रिकामें ताट, असें ताट कोणती आई वाढील? ती वांटून देते. कधीं एखादी पुडी बाजारांत जाऊन तिचें पीठ होऊन परत येतें. जेथें कुटुंबाचा सामान्य शिधा वेळेवर मिळतो तेथें मुलाचें वजन भराभर चढतें. शिधा तुटला कीं तेंच मूल महिना-दोन महिन्यांनीं पुन्हा त्याच रांगेंत येऊन उभें राहतें, आणि परिचारिका जुनें पत्रक काढून त्यावर नवें वजन लिहिते.